रम, लिंबू आणि खडीसाखरेचा पाक

टिकी पार्टी म्हटले की बांबूचा बार, झावळ्यांचे छत, लाकडी मुखवट्यांच्या आकाराचे पेले आणि फळांनी सजवलेली रमची पेये डोळ्यांपुढे येतात. हा प्रकार पॅसिफिकमधल्या कोणत्याही बेटावर जन्मलेला नाही. तो हॉलिवूडचा. अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या तरुणाने तिथे एक लहानसा बार थाटला. पुढे त्याने आपले नाव बदलून डॉन बीच असे करून घेतले आणि बार ‘डॉन द बीचकोंबर’ म्हणून गाजला. ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जेरॉन यांनी तीच वाट धरली. त्यांचा बार ‘ट्रेडर विक्स’, आणि १९४४ मध्ये त्यांनी जुळवलेले पेय माय ताय.

या पार्टीतल्या एकेका गोष्टीचे मूळ पाहिले तर पोलिनेशियाचा वाटा फारच थोडा निघतो. रम कॅरिबियनमधली. खाण्याचे पदार्थ बहुतेक कॅंटनच्या चिनी स्वयंपाकातले. बारमागे उभे राहून पेये बनवणारे अनेक जण फिलिपिनो. त्यांच्यापैकी रे बुहेन यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये काढलेला ‘टिकी-टी’ हा छोटा बार आजही त्यांच्या घराण्याकडे आहे. पोलिनेशियाचे स्वतःचे मानाचे पेय कावा, आणि त्यात मद्यार्क नसतो. म्हणजे तिथून उचलली ती फक्त सजावट, आणि तीही तिथल्या लोकांच्या श्रद्धेची. न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत टिकी हा पहिला मानव, तर मार्केसास बेटांवर टिकी म्हणजे पूर्वजांच्या आणि देवतांच्या कोरीव मूर्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक पॅसिफिकच्या आठवणी घेऊन परतले, १९४७ मध्ये थॉर हेयरडाल यांचा ‘कोन-टिकी’ तराफा पेरूहून निघून पोलिनेशियाला लागला, आणि या सजावटीचे वेड अमेरिकाभर पसरले. त्याच काळात, १९४६ ते १९५८ या वर्षांत, अमेरिकेने पॅसिफिकमधल्याच बिकिनी बेटांवर २३ अणुचाचण्या केल्या आणि तिथल्या रहिवाशांना घरादाराला मुकावे लागले. हे माहीत असलेल्या यजमानाने देवतांच्या तोंडवळ्याचे पेले आणि प्लास्टिकचे मुखवटे आणू नयेत. वेताच्या टोपल्या, केळीची पाने आणि मंद दिवे एवढी सजावट पुरेशी आहे. वाचलेले पैसे लिंबे आणि बर्फ यांवर खर्च करावेत, कारण जपण्याजोगे या परंपरेत जे आहे ते पेल्यात आहे.

त्या पेल्याचा पाया म्हणजे पंच. सतराव्या शतकात सुरतेच्या बाजूला वखारी घालून बसलेले युरोपीय व्यापारी अर्क, लिंबू, साखर, मसाला आणि पाणी एकत्र करून तो पीत असत. गोव्याचा माडाचा अर्क पुढे इंग्लंडातल्या पंचातही नावाजला गेला. कॅरिबियनमध्ये अर्काची जागा रमने घेतली आणि ‘प्लांटर्स पंच’ तयार झाला. त्याचे प्रमाण तोंडी चालत आले आहे: आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन, पातळ चार. घरी पंधरा-वीस पाहुणे येणार असतील तर सुरुवात याच पंचाने करणे सोयीचे. ७५० मिलीच्या एका बाटलीला २५० मिली लिंबाचा रस, ५०० मिली साखरेचा पाक आणि एक लिटर पाणी-बर्फ, वरून जायफळ किसून. एवढ्यात साधारण बारा पेले होतात आणि प्रत्येकात दोन स्मॉल पेगांइतकी रम येते. जुने प्रमाण आजच्या जिभेला गोड लागते. म्हणून पाक ३५० मिलीपासून सुरू करावा आणि चव घेत वाढवावा.

डॉन बीचने या पंचाला तीन दिशांनी वाढवले. एका रमऐवजी दोन-तीन निरनिराळ्या रम, एका आंबटाऐवजी दोन, आणि नुसत्या साखरेऐवजी मसाल्याचे पाक. जमैकाची रम पिकलेल्या फळांसारख्या उग्र वासाची, पोर्तो रिकोची हलकी, गयानातली डेमेरारा जड आणि धुरकट. तिघी मिळून जो स्वाद येतो तो एकटीला जमत नाही. भारतात सर्वाधिक ओळखीची ओल्ड मंक मळीपासून बनते आणि तिच्यात व्हॅनिलाचा गोडवा ठळक असतो. तिच्यावरच सगळे पेय उभे केले तर ते चिकट-गोड होते. निम्मी ओल्ड मंक, निम्मी कोरडी पांढरी रम आणि पाक थोडा कमी, असे केले तर स्वाद मोकळा होतो.

घटक मोजके असल्यामुळे माय तायमध्ये चूक लपत नाही. बर्जेरॉन यांच्या कृतीत अननस नाही, संत्र्याचा रस नाही, ग्रेनेडिनही नाही. हॉटेलांत मिळणारे लालसर गोड पेय हा नंतरचा बिघाड आहे. मुरलेली रम ६० मिली, लिंबाचा रस ३० मिली, संत्र्याच्या सालीचे क्युरासाव हे गोड मद्य १५ मिली, ऑर्जा म्हणजे बदामाचा पाक १५ मिली आणि खडीसाखरेचा पाक अर्धा चमचा ते दीड चमचा. हे सारे बर्फासह जोरात हलवायचे, ठेचलेल्या बर्फावर ओतायचे, वर पुदिन्याचा तुरा.

लिंबू त्याच दिवशी पिळलेले हवे. रात्रभर ठेवलेला रस कडवटतो आणि बाटलीतला रस तर सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. कागदी लिंबू कॅरिबियनमधल्या जुन्या लिंबाच्याच जातीचे असल्यामुळे इथे काही शोधायला नको, फक्त एका लिंबातून १५ मिलीच्या आसपास रस निघतो हे धरून हिशोब करावा. वीस जणांच्या पार्टीला शंभर लिंबे सहज लागतात.

पाक मात्र आदल्या दिवशी करून ठेवावेत. ऑर्जासाठी २०० ग्रॅम बदाम भिजवून, सोलून ४०० मिली पाण्यात वाटावेत, दोन-तीन तास मुरू द्यावेत, मलमलीतून घट्ट पिळावेत आणि निघालेल्या दुधात तेवढ्याच वजनाची साखर मंद आचेवर विरघळवावी. शेवटी संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचे काही थेंब. ते न मिळाल्यास गुलाबपाणी, पण जपून. बाजारातल्या बदाम सरबतात बहुधा वेलची-केशर असते, ते इथे चालत नाही. बार्बाडोसचे फालर्नम म्हणजे लवंग, आले, बदाम आणि लिंबाची साल यांचा पाक. असे पाक वापरणारा डॉन बीच आपल्या पाककृती इतक्या गुप्त ठेवत असे की बाटल्यांवर नावांऐवजी खुणा आणि आकडे असत. जेफ बेरी या अभ्यासकाने जुन्या नोकरांच्या वह्या शोधून, अनेक वर्षे खपून त्या उलगडल्या आणि २००७ मध्ये झॉम्बी या त्याच्या गाजलेल्या पेयाची मूळ कृती छापली. त्यातले गूढ ‘डॉन्स मिक्स’ निघाले दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक. ग्रेपफ्रूट मिळाले नाही तर पपनस घ्यावे. पपनस आणि संत्रे यांच्या संकरातूनच अठराव्या शतकात बार्बाडोसमध्ये ग्रेपफ्रूट निपजले.

झॉम्बीबद्दल यजमानाने सावध राहायला हवे. एका पेल्यात १२० मिली रम, त्यातली ३० मिली सुमारे ७५ टक्क्यांची. नेहमीच्या रमच्या हिशोबात ते जवळजवळ पाच स्मॉल पेग होतात, आणि मसाल्या-फळांमुळे जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. डॉन बीच एका गिऱ्हाइकाला दोनच देत असे. घरी एकच द्यावा, तोही वाटून घेतला तर उत्तम.

बर्फ माणशी किमान एक किलो लागतो, उन्हाळ्यात दीड. फ्रीजच्या ट्रेवर भिस्त ठेवू नये. पिण्याच्या पाण्याचा बर्फ विकत आणून शीतपेटीत ठेवावा आणि लागेल तसा जाड कापडी पिशवीत घालून लाटण्याने ठेचावा. प्रत्येक पेला मोजत बसले तर यजमान संपूर्ण संध्याकाळ ओट्यापाशी अडकतो. म्हणून रम, क्युरासाव आणि पाक सकाळीच एका बरणीत मिसळून फ्रीजमध्ये ठेवावेत, रस पाहुणे येण्याच्या तासभर आधी घालावा. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते.

पुदिन्याची डहाळी तळहातावर एकदा आपटून खोचली की तिचा वास प्रत्येक घोटाबरोबर येतो. फुलांच्या बाबतीत हयगय नको. हवाईच्या हारांमुळे चाफा पेल्यात घालायचा मोह होतो, पण त्याचा चीक त्रासदायक असतो. कण्हेर, लाल असो वा पिवळी, विषारी आहे. जास्वंद चालते. लिंबाच्या सालीत कडक रम पेटवण्याचा खेळ घराच्या पडद्यांजवळ करू नये.

खायला काडीवर भाजलेले चिकन किंवा पनीर, तळलेली कोळंबी, अननसाच्या फोडी. संगीतासाठी मार्टिन डेनी यांची १९५७ ची ‘एक्झॉटिका’ ही ध्वनिमुद्रिका, किंवा हवाईयन गिटार; हिंदी चित्रपटगीतांच्या धुना त्या वाद्यावर वाजवणारे व्हॅन शिपली इथल्या घरांना परके वाटणार नाहीत.

न पिणाऱ्यांना कोपऱ्यात कोला देणे हा यजमानपणातला कमीपणा आहे. लिंबाचा रस, फालर्नम, अननस आणि शहाळ्याचे पाणी ठेचलेल्या बर्फावर, त्याच पेल्यात, त्याच तुऱ्यासह द्यावे. महाराष्ट्रात रमसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. पार्टीपुरता एका दिवसाचा परवाना मिळतो. गाडी चालवणारे कोण हे संध्याकाळच्या सुरुवातीलाच विचारून घ्यावे आणि मद्याची शेवटची फेरी जेवणाआधी संपवावी.

उरलेले पाक फ्रीजमध्ये टिकतात. बदामाचा आठवडाभर, दालचिनीचा तीन आठवड्यांपर्यंत. बाटलीत चमचाभर कडक रम घातली तर आणखी थोडे दिवस.