रानांतल्या वानरांचा विश्वास

वर्गांत नवा मुलगा आला म्हणजे पहिले चार दिवस त्याजकडे फारसें पाहूं नये, असा माझा पस्तीस वर्षांचा परिपाठ होता. आपण होऊन जवळ गेलें कीं तो बुजतो; आपण आपल्या कामांत असलों कीं हळूहळू धीट होतो. हीच रीत आफ्रिकेच्या अरण्यांत चिंपांझी वानरांच्या बाबतींत योजिली गेली, हें वाचून मला मोठें कौतुक वाटलें.

जेन गुडॉल ही इंग्रज तरुणी १९६० च्या जुलैंत टांगानिका सरोवराच्या पूर्वतीरावरील गोंबे येथील रानांत जाऊन राहिली. हें रान आज टांझानिया देशांत मोडतें. प्रथम तिला पाहतांच ते प्राणी दुरूनच पळून जात. तिनें पाठलाग केला नाहीं. मळकट रंगाचे कपडे घालून ती रोज त्याच टेकडीवर, त्यांना दिसेल अशी, बसून राही. कित्येक महिन्यांनीं त्यांची भीति ओसरूं लागली. पांढऱ्या हनुवटीचा एक नर सर्वांआधीं निर्भय झाला. तिनें त्याचें नांव डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेविलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, गवताची काडी वारुळांत घालून वाळवी काढून खातांना तिनें त्यास पाहिलें. हत्यार करणें हें केवळ मनुष्याचें लक्षण, ही समजूत त्या काडीनें ढासळली.

पुढें मात्र घाई नडली. केळीं देऊन वानरांस छावणीपाशीं आणूं लागले, तों त्यांची गर्दी होऊन मारामाऱ्या वाढल्या. केळ्यांचें प्रमाण मागाहून पुष्कळ कमी करावें लागलें. उलट, आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यांत बोश पतिपत्नींनीं १९७९ पासून अन्नाचा लोभ न दाखवितां, केवळ नित्य दर्शनानें तेंच साधलें. परंतु त्यास सुमारें पांच वर्षें लागलीं.

खरा प्रश्न ह्यापुढेंच आहे. १९९९ ते २००६ च्या दरम्यान ताईंतील ह्या माणसाळलेल्या कळपांत श्वसनाच्या सांथी येऊन अनेक वानर दगावले. मृतांच्या शरीरांत सांपडलेले विषाणु मनुष्यापासूनच आलेले होते, हें २००८ मध्यें प्रसिद्ध झालें. ज्यानें आपणांस नुसतें पडसें होतें, त्यानें त्यांचा घात केला. मग त्यांचें भय घालविलें हेंच चुकलें काय? तसेंही म्हणवत नाहीं. कारण जेथें संशोधकांचा राबता असतो तेथें चोरट्या शिकाऱ्यांचें फावत नाहीं, असेंही ताईंतच दिसून आलें आहे. म्हणून आतां तेथील निरीक्षक तोंडावर मुखपट्टी बांधतात, निदान सात मीटर दूर राहतात, आणि आजारी मनुष्य वानरांकडे जात नाहीं.

'विश्वास' शब्दाचा धातु 'श्वस्', म्हणजे श्वास घेणें. ज्याच्याजवळ निर्धास्तपणें श्वास घेतां येतो, तो विश्वासाचा. शाळेंत हें मीं कित्येकदां शिकविलें. अर्थ मात्र ह्या वृत्तानें कळला. माझ्याजवळ धीट झालेल्या एका मुलास मीं एकदां रागाच्या भरांत सर्वांदेखत लागेल असें बोललों होतों. त्यानंतर तो हात वर करून प्रश्न विचारीनासा झाला. बुजरा राहिला असता, तर त्यास तें इतकें लागलें नसतें.

ज्याचें भय आपण घालविलें, त्याच्यापाशीं आपला श्वासही जपून सोडावा.