उकिरड्याचा पांग कधी फिटणार?

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आमच्या आयाबाया म्हणत आल्या. कुणब्याच्या परड्यातला उकिरडा तर दरसाल फिटतो. मृगाआधी गाडी भरते व खत रानात जाते. परंतु शहरांचा व कारखान्यांचा उकिरडा वर्षानुवर्षे वाढतच जातो, आणि तो नेहमी गोरगरिबांच्याच वेशीला का येतो, हा आमचा सवाल आहे. ज्या कसबा बावड्यात 1874 साली शाहू छत्रपती जन्मले, त्याच बावड्याच्या बाजूस कोल्हापूर शहराच्या कचऱ्याचा डोंगर उभा राहिला. त्यांच्या जनक घराण्याच्या कागलची तीच गत होऊ नये, म्हणून हा लेख.

कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या शिवारांत पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. जमिनी शेतकऱ्यांच्या गेल्या. तेथील कँटिनांत शिजणारा भात व भाजीही शेतकऱ्याच्याच घामाची. मग उरलेले अन्न, साली व देठ यांनी खड्ड्यात का जावे?

खड्ड्यात दाबलेला ओला कचरा हवेवाचून कुजतो. त्यातून पेट घेणारा मिथेन वायू निघतो आणि काळे पाणी झिरपून विहिरींची वाट धरते. तोच कचरा पालापाचोळ्यात मिसळून, बेताचा ओलावा राखून, वरखाली करीत रचला तर ढीग आतून 55 अंशांपेक्षा जास्त तापतो. तणाचे बी व रोगजंतू मरतात आणि दोन-तीन महिन्यांत मातीच्या वासाचे खत होते. ही विद्या परकी नव्हे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1924 ते 1931 या काळात इंदुरास जी खतपद्धत बसविली, ती इकडच्या व चीनच्या शेतकऱ्यांचे पाहूनच. आणि रानाचा कस कसा हरपतो, हे जोतीराव फुल्यांनी 1883 सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये मांडले होते.

मात्र बंधूंनो, काळे दिसते ते सारे खत नव्हे! वसाहतीत फौंड्रीची वाळू, तेलकट चिंध्या व रंगाच्या सांडपाण्याचा गाळही निघतो. तो अन्नाच्या कचऱ्यात मिसळला तर पोत्यातून विषच घरी येईल. शहरी कचऱ्याच्या खतात किलोमागे शिसे 100 मिलिग्रॅम व कॅडमियम 5 मिलिग्रॅम यांहून जास्त नसावे, अशी मर्यादा 1985 च्या खत नियंत्रण आदेशात घातलेली आहे. तपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय कोणीही पोते उचलू नये. मातीत गेलेले शिसे नांगराने निघत नाही.

आता जागेचे व नफ्याचे. औद्योगिक वसाहतींत कचऱ्यापासून पुन्हा माल करण्यासाठी निदान 5 टक्के जागा किंवा 5 भूखंड राखावेत, असे केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनी सांगितले. ही जागा कोणाच्या हाती जाणार? केर एका जातीने काढावा व नफा दुसऱ्याने मोजावा, हा जुना धर्म नव्या वसाहतीत चालू देता कामा नये. पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी आपली पंचायत बांधली, आणि 2008 पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून काम करू लागली. पुण्यास जे साधले ते कागलास का साधू नये?

म्हणून आमचे सांगणे इतकेच. आसपासच्या ग्रामसभांनी ठराव करून वसाहतीतील राखीव भूखंडांचा हिशेब मागावा. खताचा कारखाना झाडूवाल्यांच्या व बचत गटांच्या सहकारी संस्थेकडे द्यावा. ओला कचरा कँटिनाच्या दारातच वेगळा करावा. आणि गावच्या विकास सोसायटीने दाखला पाहून खत घाऊक घ्यावे. रानातून गेले ते रानात परत आले पाहिजे, आणि ज्याच्या हाताने आले त्याच्या पदरी दाम पडले पाहिजे. तेव्हाच या उकिरड्याचा पांग फिटला असे आम्ही म्हणू.