एका रविवारात चार देव

परवा आमच्या कँटीनमध्ये एक कागद फिरत होता. पुढच्या रविवारची फॅमिली ट्रिप. पहाटे ४ ला चिंचोळीहून निघायचं, साडेपाचला अक्कलकोट, साडेआठला गाणगापूर, दुपारी २ ला तुळजापूर, संध्याकाळी ७ ला पंढरपूर आणि रात्री अकराच्या आत घरी. सोमवारी सकाळची पाळी आहेच. कागद करणारा मित्र भलताच खुशीत होता. म्हणाला, "एका दिवसात चार देव कव्हर!"

हा 'कव्हर' शब्द ऐकला की माझं डोकं सणकतं. वह्यापुस्तकांना घालतात ते कव्हर आम्हाला माहीत होतं. हल्ली गावं कव्हर होतात, किल्ले कव्हर होतात आणि आता देवही.

नकाशा काढून बघा जरा. सोलापूर मध्ये धरलं तर अक्कलकोट आग्नेयेला, गाणगापूर त्याच्याही पुढे कर्नाटकात, तुळजापूर ईशान्येला आणि पंढरपूर पार पश्चिमेला. सगळी मिळून चारशे किलोमीटरच्या वर धाव होते. म्हणजे दिवसातले आठ-नऊ तास गाडीत. उरलेल्या वेळात चप्पल काढणे, रांग, दर्शन, चप्पल शोधणे, प्रसाद, बाथरूम, चहा आणि "अरे धाकटा कुठे गेला?" हे चार ठिकाणी चार वेळा. स्वामी समर्थ अक्कलकोटात आले १८५६ च्या सुमारास आणि १८७८ साली समाधिस्थ झाले, म्हणजे बावीसेक वर्षं त्यांना तिथून हलावंसं वाटलं नाही. आपण बावीस मिनिटांत वटवृक्षाला प्रदक्षिणा घालून "चला चला" करत बाहेर.

गंमत म्हणजे हा कागद करणारा माणूस प्लॅनिंगमध्ये आहे. माझ्याच टेबलाशेजारी बसतो. मशीनवर आठ तासांच्या पाळीत आठ तासांचं काम लावायचं नसतं, हे त्यानेच मला शिकवलंय. जॉब बदलला की सेटिंग आलं, टूल बदलणं आलं, पहिला पीस तपासणं आलं, जेवणाची सुट्टी आली, मधूनच लाइट जाते तो वेगळा प्रकार. आम्ही आठ तासांत साडेसहा तासांचंच काम धरतो. साहेबाने कितीही आरडाओरडा केला तरी धरत नाही, कारण एकदा पहिला जॉब घसरला की संध्याकाळपर्यंतचे सगळे घसरतात हे आम्ही भोगलेलं आहे. लोखंडाच्या मशीनला एवढी सवलत. आणि घरातली सत्तरीची आई, चार वर्षांचं पोर आणि रात्रपाळी करून आलेला ड्रायव्हर यांना मात्र शंभर टक्के लोड! गाणगापूरला रांगेत तासभर जास्त लागला तर काय, याचं उत्तर त्या कागदावर कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मग तुळजापूर पटकन उरकू."

भवानीमातेच्या दारात उभं राहून हे वाक्य म्हणून बघा. तिथे देवीला सुद्धा वर्षातून तीनदा मंचकी निद्रा असते. मूर्ती उचलून पलंगावर निजवतात. दसऱ्यानंतरच्या झोपेला तर नावच श्रमनिद्रा आहे, ती थेट आश्विनी पौर्णिमेपर्यंत चालते. महिषासुराला मारून आलेली देवी पलंगावर चार-पाच दिवस पडते आणि तिच्या दर्शनाला गेलेले आपण चहा सुद्धा उभ्याने पितो!

"अहो पण सुट्टी मिळते कुठे?" हे मला लगेच ऐकवलं गेलं, आणि ते खोटं नाही. आठवड्यात एक रविवार, कंत्राटी पोरांचा खाडा झाला की रोज बुडतो. त्यात भाड्याची गाडी केली की गाडीवाला दिवसाचे तीनशे किलोमीटर धरूनच पैसे घेतो, मग चाळीसच किलोमीटरवर जाऊन परत यायचं माणसाच्या जिवावर येतं. पैसे वसूल झाले पाहिजेत ना! मान्य. पण हे चारही देव आपल्यापासून कितीसे लांब आहेत? पंढरपूर चिंचोळीहून मोहोळमार्गे दीड तास. अक्कलकोटला सोलापुरातून एस.टी. आहे, रेल्वेने अक्कलकोट रोडपर्यंत जाता येतं. काशीयात्रेला निघालेल्या माणसाने एका दमात सगळं करून घ्यावं हे समजू शकतं, त्याला पुन्हा येणं होईल न होईल. आपण इथेच राहतो की हो.

आता मुद्द्याचं सांगतो, कारण घरचेही हे वाचतात आणि कुणीतरी म्हणणारच की तू स्वतः काय केलंस. अगदी हाच कागद मी केला होता, काही वर्षांपूर्वी. एक्सेलमध्ये, रंगबिरंगी. पंढरपूरला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. पदस्पर्शाची रांग लांबलचक. मी लगेच हिशेब केला आणि म्हणालो, मुखदर्शन घेऊ, पंधरा मिनिटांत होईल. आई म्हणाली, "अरे, एवढं येऊन पायावर डोकं नको का ठेवायला?" मी घड्याळ दाखवलं. मग तिने विचारलं, निदान चंद्रभागेवर पाच मिनिटं बसायचं का? तेही मी नाही म्हणालो, सकाळची पाळी होती. परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही. पहाटे बांधून घेतलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणी घरी आल्यावर तशीच्या तशी पिशवीतून निघाली. दिवसभरात ती सोडून खायला आम्ही कुठे थांबलोच नव्हतो. पुढे तिचे गुडघे गेले. आता तासन्‌तास रांगेत उभं राहणं तिला जमत नाही. त्या रात्री जमलं असतं. आणि ज्या पाळीसाठी एवढी घाई केली त्या पाळीत काय काम होतं ते आज मला आठवत सुद्धा नाही.

म्हणून काही लोक म्हणतात, प्लॅनच नको, वाट फुटेल तिकडे जाऊ. तेही मला पटत नाही. लहान पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन निघायचं तर प्लॅन हवाच. फक्त तो वारीसारखा हवा. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालते आणि त्याला जवळजवळ तीन आठवडे घेते. लाखो माणसांचं वेळापत्रक असतं ते, आमच्या डिस्पॅचपेक्षा काटेकोर. पण ते छापील वेळापत्रक कधी नीट वाचलंय का? सकाळचा विसावा कुठे, दुपारचं जेवण कुठे, दुपारचा विसावा कुठे, हे गावाच्या नावासकट लिहिलेलं असतं. पुण्यात आणि सासवडला तर मुक्काम दोन-दोन रात्रींचा. विसावा तिथे वेळ उरला तर घ्यायचा नसतो, तो कार्यक्रमातच असतो. आणि ही पालखी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातून, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी करत जाते, बरं का. शिकायला लांब जायची गरज नाही.

मित्राला मी त्या कागदावर तीन ओळी खोडून दाखवल्या. चिडला. "मग उरलेला दिवसभर करायचं काय?" म्हणाला. मी म्हटलं, अन्नछत्रात जेवायचं, झाडाखाली बसायचं, पोरांना खेळू द्यायचं, आईला जपाची माळ ओढू द्यायची. त्याला ते काही पटलं नाही. त्याची ट्रिप ठरल्याप्रमाणे चार देवांचीच आहे. असो.

आमचं ठरलंय ते असं. त्याच रविवारी अक्कलकोट, आईला घेऊन. सकाळी आठनंतर, सगळ्यांचं आवरेल तेव्हा निघू. मावशी आणि काकांना यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत, शनिवारपर्यंत फोन करा. वाटेत "एवढं आलोच आहोत तर गाणगापूर पण..." असं कुणी म्हणणार असेल, तर त्याने आपापल्या एस.टी.ने यावं.