मौजे तळवडे येथे क्षेत्रसभा भरविणे व विकास आराखड्याविषयीची सुनावणी गावातच घेणे यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पिंपरी

महोदय,

आम्ही मौजे तळवडे येथील खातेदार शेतकरी, लघुउद्योजक, कामगार व भाडेकरू रहिवासी सविनय निवेदन करतो की, १९९७ साली आमचे गाव महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले, तेव्हा रस्ते, नळ व दिवे यांचा मार्ग मोकळा झाला हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ग्रामपंचायतीबरोबर गावाची ग्रामसभाही गेली. आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये ज्या सभेत कोणाही मतदारास उभे राहून सरपंचास जाब विचारता येत असे, तिच्या तोलाची दुसरी सभा शहराने गावास दिली नाही. आमच्या सर्व मागण्यांचे मूळ या एका उणिवेत आहे.

ही उणीव भरून काढण्याची तजवीज कायद्यात आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या, आणि २००९ साली राज्य विधिमंडळाने त्याही खाली, मतदारांच्या क्षेत्रसभेपर्यंत जाण्यास मान्यता दिली. ती क्षेत्रसभा तळवड्याच्या चावडीपर्यंत अद्याप आलेली नाही.

१४ मे २०२५ रोजी शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा मार्च २०२२ पासून निर्वाचित सभागृहच अस्तित्वात नव्हते. म्हणजे ज्या प्रतिनिधीकडे जाऊन सामान्य माणूस ‘हे काय आहे, समजावून सांगा’ असे म्हणू शकला असता, तो प्रतिनिधीही नव्हता. हरकतींसाठी १४ जुलैपर्यंत मुदत होती व शहरभरातून हजारो हरकती दाखल झाल्या. परंतु हरकत घेण्यापूर्वी नकाशा वाचता आला पाहिजे. सातबारा हातात घेऊन भिंतीवरील नकाशासमोर उभा राहिलेला खातेदार प्रथम आपला गट क्रमांक शोधतो; तो सापडला तर त्यावरून गेलेली रेषा रस्त्याची की पूररेषेची हे त्यास कळत नाही; पिवळा रंग निवासी व जांभळा औद्योगिक एवढे कोणी सांगितले, तरी आपल्या जमिनीवर छापलेला आरक्षणाचा आकडा शाळेचा आहे की उद्यानाचा, हे पाहण्यास दुसरा दस्तऐवज उघडावा लागतो. एवढी यातायात दिवसाचा पगार बुडवून पिंपरीस गेल्यावर करावयाची, आणि आरक्षण एकदा कायम झाले की, जमीन संपादित झाली नाही तरी, नगररचना कायद्याच्या कलम १२७ खालची नोटीस देण्याससुद्धा दहा वर्षे थांबावयाचे! ज्या निर्णयाने कुटुंबाची एक पिढी अडकून पडते, तो त्या कुटुंबास त्याच्या भाषेत व त्याच्या गावात समजावून सांगणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, अशी आमची ठाम धारणा आहे.

तळवड्यात नियोजनाचा प्रश्न केवळ जमिनीच्या किमतीचा नाही. एका अंगास इंद्रायणी, दुसऱ्या अंगास देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळे आलेला रेडझोन, आणि मध्ये माहिती तंत्रज्ञान उद्यान, पत्र्याच्या शेडमधील कारखाने व त्यांना खेटून असलेल्या कामगारांच्या खोल्या, असा हा मुलूख आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी येथेच, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यास आग लागून अनेक महिला कामगार प्राणांस मुकल्या. कोणत्या शेडमध्ये काय साठविले जाते, हे शेजारच्या खोलीतल्या बाईस नकाशा काढणाऱ्यापेक्षा आधी ठाऊक असते. परंतु तिला ते विचारणारी, तिचे म्हणणे दप्तरी नोंदविणारी सभा कोठे आहे? आणि आराखडा प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांत शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार पाडले गेले. ती रेषा नदीकाठी खांब रोवून दाखविली असती, तर किती संसार वाचले असते!

सबब आमची पहिली व मुख्य मागणी अशी की, तळवड्यात क्षेत्रसभा स्थापून ती ठराविक काळाने भरवावी, तिचे इतिवृत्त मराठीत प्रसिद्ध करावे, आणि तीत सातबारा नसलेल्या भाडेकरू कामगारासही बोलण्याचा हक्क असावा, कारण शाळा, दवाखाना व मैदान यांची सर्वाधिक गरज त्यालाच आहे. आराखड्याचा तळवड्यापुरता भाग गटवार, मोठ्या आकारात, आरक्षणांची नावे नकाशावरच लिहून गावात कायमचा लावावा. रेडझोनची हद्द व पूररेषा जागेवर खुणा करून दाखवाव्यात. यापुढे नगररचना कायद्याच्या कलम ३७ अन्वये आमच्या हद्दीत कोणताही फेरबदल करावयाचा झाल्यास त्याची नोटीस राजपत्र व वृत्तपत्रे यांवर न सोडता क्षेत्रसभेत वाचून दाखवावी, व सुनावणी कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गावातच घ्यावी. हरकत अमान्य झाल्यास ती का अमान्य झाली, हे त्या हरकतदारास सकारण लेखी कळवावे. ‘नामंजूर’ एवढ्याच शेऱ्यावर कोणाचेही समाधान होणार नाही.

यांपैकी गटवार नकाशा लावण्यास व नोटीस गावात वाचण्यास कोणत्याही वरिष्ठ मंजुरीची आवश्यकता असेल असे आम्हांस वाटत नाही. तेवढे काम आपल्या स्तरावर तत्काळ सुरू करावे, आणि क्षेत्रसभेच्या बाबतीत शासनाकडे पाठवावयाच्या प्रस्तावाची एक प्रत आम्हांस द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
मौजे तळवडे येथील खातेदार, लघुउद्योजक, कामगार व रहिवासी