लकबी उरल्या, तर्क गेला

हिदेओ नाकाता यांच्या 'एल : चेंज द वर्ल्ड' (२००८) या जपानी चित्रपटाचे कौतुक आम्हांस मान्य नाही. 'डेथ नोट'च्या २००६ मधील दोन चित्रपटांनी एल हा विक्षिप्त गुप्तहेर लोकप्रिय केला. त्याला स्वतंत्र चित्रपट मिळाला, इथवर तक्रार नाही. पण एलचे मोठेपण कशात होते? खुर्चीवर उकिडवे बसण्यात? अहोरात्र गोड खाण्यात? वहीत नाव लिहून माणसे मारणाऱ्या लाईट यागामीला तो निव्वळ तर्काने कोंडीत पकडी, म्हणून त्या लकबी शोभत. येथे तोडीचा प्रतिस्पर्धीच नाही. आहे तो एक विषाणू, तो पसरवू पाहणारी टोळी, दोन निराधार मुले आणि भरपूर पळापळ.

मुलांच्या सहवासात एल माणसाळला, असा बचाव केला जातो. केनइची मात्सुयामा यांचा अभिनय चोख आहे, हे आम्हीही मानतो. परंतु एलने त्या वहीत स्वतःचेच नाव लिहिले आहे. त्याचे २३ दिवसच उरले आहेत. असा माणूस रात्री काय विचार करीत असेल? नाकातांनी हे विचारूच नये? 'रिंगू'त (१९९८) याच दिग्दर्शकाने सात दिवसांच्या मुदतीने प्रेक्षकांचा थरकाप उडविला होता. येथे तेवीस दिवस नुसते पडद्यावरील आकडे होऊन सरतात.