साक्ष कोणाच्या रक्ताची?

माझी आजी जन्मात कधी विडीला शिवली नाही. पण चाळीस वर्षे तिने चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ फुलवला. पावसाळ्यात लाकडे ओली, शेणी दमट, घरभर धूर. पुढे चार पावले चालली तरी तिला धाप लागू लागली. "म्हातारीला दमा झालाय," एवढेच सारे म्हणत. दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, खोकल्याचे औषध मिळाले. पण फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या स्पायरोमीटरच्या नळीत फुंकायला तिला कोणी सांगितले नाही. आता बी.एस्सी.ला प्रथिनांचा अभ्यास करताना ती गोष्ट मला सारखी आठवते.

फुप्फुसांच्या जुनाट विकारांची खूण रक्तातील प्रथिनांत सापडेल काय, याचा शोध आज जगभर चालू आहे. अशा खुणेला 'बायोमार्कर' म्हणतात. या शोधातील एक जुनी कथा मोठी बोधप्रद आहे. स्वीडनमध्ये कार्ल-बर्टिल लॉरेल हे इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रथिने वेगळी करून, रक्ताचे नमुने तपासत असत. सुमारे १,५०० नमुन्यांपैकी ५ नमुन्यांत अल्फा-१ हा पट्टाच त्यांना दिसेना! त्यांचे तरुण सहकारी स्टेन एरिक्सन यांच्यासह त्यांनी या पाच जणांचा मागोवा घेतला, तेव्हा तिघांना फुप्फुसांचा विकार असल्याचे आढळले. ही गोष्ट १९६३ सालची. त्यांच्या रक्तात उणे होते ते अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन. पांढऱ्या पेशींतील इलास्टेज या विकराला ते आवर घालते. तो आवर सुटला, की रक्षण करणाऱ्या पेशीच फुप्फुस पोखरतात. कुंपणानेच शेत खावे, तशातला हा प्रकार.

आजचा मास स्पेक्ट्रोमीटर हजारो प्रथिने ओळखतो. तरीही काम सोपे नाही. रक्तद्रवातील निम्म्याहून अधिक प्रथिन एकटे अल्ब्युमिन असते. त्या गर्दीत फुप्फुसातून झिरपलेले इवलेसे प्रथिन शोधणे म्हणजे यल्लम्माच्या जत्रेत चुकलेले पोर शोधणे! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली फायब्रिनोजेनला सी.ओ.पी.डी.ची खूण म्हणून मान्यता दिली. पण तीही औषधांच्या चाचण्यांसाठी रोगी निवडण्यापुरती. शरीरात कुठेही दाह झाला तरी फायब्रिनोजेन वाढते. मग त्यावरून रोगनिदान कसे करावे?

यावर, अधिक सूक्ष्म यंत्रे हवीत, असे म्हटले जाते. ते खोटे नाही. परंतु मला वाटते, खरा प्रश्न यंत्रात कोणाचे रक्त घातले जाते हा आहे. २००५ साली सुरू झालेल्या 'इक्लिप्स' या बहुराष्ट्रीय अभ्यासात सी.ओ.पी.डी.चे दोन हजारांवर रोगी होते. पण ते सारे सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले. उलट पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की या रोग्यांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. सिगारेटच्या धुराची खूण चुलीच्या धुराला लागू पडेलच, हे तपासल्यावाचून कसे मानावे? अल्फा-१ ची उणीवसुद्धा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळते.

कोणी म्हणेल, आता घरोघरी गॅस आला. आला खरा, पण सिलिंडर आल्याने जुनी फुप्फुसे नवी होत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की चुलीपुढे आयुष्य घालवलेल्या स्त्रियांचे रक्त अशा संशोधनात आलेच पाहिजे. आणि रक्ताची खात्रीची चाचणी निघेपर्यंत प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात स्पायरोमीटर आणि तो वापरणारा माणूस हवा.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण उद्या प्रयोगशाळांत जातील. लॉरेलना नाहीसा झालेला पट्टा दिसला, कारण ते नमुने त्यांच्या टेबलावर आले होते. माझ्या आजीचा नमुना कोणाच्याच टेबलावर गेला नाही. तो तिथवर नेणे हे आपले काम आहे.