केईएमचे उघडे दार आणि मराठीचा उंबरठा

परळच्या केईएम रुग्णालयात 'अंगात कणकण आहे', 'जीव घाबराघुबरा होतो' असे सांगत आलेल्या माणसाची हकिकत कधीकधी वैद्यकीय नियतकालिकातील रुग्णवृत्तांताचा विषय होते. तोवर ती इंग्रजी झालेली असते. संमतीपत्रावर सही रुग्णाची. वृत्तांत मात्र त्याच्यापर्यंत क्वचितच परततो.

केईएम आणि त्याला जोडलेल्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाची स्टाफ सोसायटी १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' चालवीत आली आहे. मुक्त प्रवेशाचा बुडापेस्ट जाहीरनामा २००२ च्या फेब्रुवारीत निघाला. त्याच सुमारास या मंडळींनी आपले नियतकालिक महाजालावर सर्वांना विनामूल्य खुले केले, आणि लेखकांकडूनही पैसे घेतले नाहीत. ही दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पुढे अनेक परदेशी प्रकाशनसंस्थांनी वाचकाला सोडून लेखकाला गाठले. एका लेखासाठी दोन-अडीच हजार डॉलरही मागितले जातात. त्याला 'मुक्त' म्हणायचे तर म्हणा!

याला कोणी औदार्य म्हणू नये. महानगरपालिकेच्या रुग्णालयातले ज्ञान करदात्यांच्या पैशातून आणि रुग्णांच्या देहांतून आलेले असते. ते परत करणे हे देणे आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत. पण ती वर्गणी आहे, आणि तीही संस्थांसाठी. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर तिच्या बाहेरच राहतो. केईएमचा लेख त्याला फुकट वाचता येतो, हा फरक लहान नाही.

तरीही रुग्णाच्या घरच्यांसाठी दार उघडे असून उंबरठा उंचच आहे. प्रत्येक लेखासोबत अर्ध्या पानाचा मराठी गोषवारा देणे अशक्य आहे का? डॉक्टरांना वेळ नाही, हे मान्य. पण आपल्या मराठी विभागांत अनुवाद हा विषय शिकवला जातो, आणि सरावाला बहुधा कथा-कादंबऱ्यांतलेच उतारे असतात. (परिभाषा कोशांची नावे पाठ करून घेतो, ते वेगळेच.) यंदा एखाद्या वर्गाला केईएमचा एक रुग्णवृत्तांत द्यावा, आणि इंग्रजीत जाताना त्या 'कणकणी'चे काय झाले ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. चुका तपासायला परळचा एखादा डॉक्टर तासभर नक्की मिळेल.